डीएनएची प्रत काढणाऱ्या विकराचा शोधक : आर्थर कोर्नबर्ग

पेशी दुभंगण्यापूर्वी डीएनएची प्रत काढणारे विकर धाग्यावरून पुढे सरकत एकेक घटक जोडत जाते. त्यासाठी लागणारी ऊर्जाही त्याला त्या घटकांतूनच मिळते. असे पहिले विकर, डीएनए पॉलिमरेज, शोधणारे आर्थर कोर्नबर्ग यांचा जन्म ३ मार्च १९१८ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे स्थलांतरित ज्यू कुटुंबात झाला. वैद्यकाची पदवी घेऊन ते जीवरसायनशास्त्राकडे वळले. सेंट लुईस येथे १९५६ मध्ये ई. कोलाय जिवाणूंत त्यांना हे विकर गवसले. १९५९ चे नोबेल त्यांना सेव्हेरो ओचोआ यांच्यासमवेत मिळाले.

मात्र १९६९ मध्ये या विकराचा जवळजवळ अभाव असूनही वाढणारे जिवाणू जॉन केर्न्स यांना सापडले आणि कोर्नबर्ग यांच्या शोधाचे महत्त्वच शंकास्पद ठरू लागले. तेव्हा सेलोवादन शिकणारे त्यांचे पुत्र थॉमस प्रयोगशाळेत उतरले. त्यांच्या सहभागाने आणखी दोन पॉलिमरेज उजेडात आली. त्यांतील तिसरे सेकंदाला सुमारे १००० घटक जोडत धावते; प्रत काढण्याचे मुख्य काम त्याचेच. पित्याचे विकरही निरुपयोगी ठरले नाही. दुरुस्ती करणे आणि राहिलेल्या फटी बुजवणे, हे त्याचे काम.

थोरले पुत्र रॉजर यांना डीएनएवरून आरएनए कसे घडते, या संशोधनासाठी २००६ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ते पाहूनच २६ ऑक्टोबर २००७ रोजी कोर्नबर्ग यांनी जगाचा निरोप घेतला.