स्वरसाधक बाख यांची अखेरची सेवा

ईश्वरास अर्पण केलेली विद्या अंतकाळीही साधकाची सोबत सोडीत नाही. जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांचे चरित्र याची साक्ष देते.

बाख यांचा जन्म १६८५ च्या मार्चमध्ये आयझेनाख येथे, वादकांच्या घराण्यात झाला. वयाची दहा वर्षे पुरी होण्यापूर्वीच मातापित्यांचे छत्र हरपले आणि थोरल्या बंधूंनी त्यांचा सांभाळ केला. पुढे आर्नश्टाट येथील चर्चमध्ये ऑर्गनवादक असताना, १७०५ साली, बुक्स्टेहूडे या थोर वादकाचे वादन ऐकण्यासाठी हा तरुण ल्यूबेकपर्यंत सुमारे ४०० किलोमीटर पायी गेला.

धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी सोळाव्या शतकात लोकांच्या जर्मन भाषेत भक्तिगीते रचून ती सर्व भाविकांनी एकमुखाने गावी, अशी प्रथा पाडली. गायनाला आरंभ होण्यापूर्वी ऑर्गनवादक त्याच चालीवर एक रचना वाजवीत असे, जेणेकरून चाल कानी पडावी आणि चित्त गीताच्या भावाशी एकरूप व्हावे. हेच ते ‘कोराल प्रील्यूड’, म्हणजे भक्तिगीताचे पूर्ववादन.

वायमार येथे १७०८ ते १७१७ या काळात दरबारी सेवेत असताना बाख यांनी अशा पूर्ववादनांची एक वही लिहावयास घेतली. योजना १६४ गीतांची होती; पुऱ्या झाल्या सुमारे पंचेचाळीस. पहिल्या पानावर त्यांनी ती परमेश्वराच्या गौरवार्थ व शिकणाऱ्याच्या हितार्थ अर्पण केली. तीत घोर संकटात ईश्वराचा धावा करणारे, पॉल एबर यांचे एक गीत आहे. त्याची साधी चाल तरुण बाख यांनी नाजूक हरकतींनी नखशिखांत नटविली.

संकट म्हणजे काय, हे त्यांना पुढे पुरतेपणी कळले. १७२० साली धन्याबरोबर परगावी जाऊन ते परतले, तो पत्नीचे दफनही होऊन गेलेले होते. त्यांच्या वीस अपत्यांपैकी दहाच मोठी झाली. १७२३ पासून लाइप्त्सिग येथे त्यांनी सत्तावीस वर्षे चर्चच्या संगीताची धुरा वाहिली. अखेरीस दृष्टी अधू झाली. १७५० साली डोळ्यांवर दोन शस्त्रक्रिया झाल्या. परंतु दृष्टी परतली नाही आणि प्रकृती मात्र ढासळली.

त्या अंधारात त्यांना ती जुनी चाल पुन्हा आठवली. त्यांच्या पश्चात, १७५१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अशी नोंद आहे, की अंध बाख यांनी त्या चालीवरील रचना एका मित्रास तोंडी सांगून उतरवून घेतली. पूर्वीच रचलेल्या पूर्ववादनावर त्यांनी अखेरचा हात फिरविला असावा, असे अभ्यासक मानतात. त्याच चालीवर दुसरेही एक गीत म्हटले जाई. ईश्वराच्या सिंहासनासमोर नम्रपणे उभे राहणाऱ्या भक्ताचे. या वेळी बाख यांनी रचनेस त्या गीताचे नाव दिले.

तरुणपणीच्या हरकती आता गळून पडल्या होत्या. खालचे तीन स्वरप्रवाह प्रत्येक चरणाची वाट शांतपणे तयार करतात आणि मग वर मूळ चाल येते, अगदी साधी, निराभरण. तारुण्यात ज्या चालीवर त्यांनी सारे अलंकार चढविले, तीच चाल अखेरीस त्यांनी अलंकाराविना प्रभुचरणी ठेवली.

२८ जुलै १७५० रोजी, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, बाख यांनी देह ठेवला.