थॉमस फुलर आणि ३,४५,८८,८०६

जोतिराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. त्या मुक्तीच्या लढ्यात अगदी आरंभी पुरावा म्हणून एक हिशेब मांडला गेला होता. तो करणाऱ्या थॉमस फुलर यांना लिहिता-वाचता येत नव्हते.

फुलर यांचा जन्म १७१० च्या सुमारास आफ्रिकेत झाला. चौदाव्या वर्षी त्यांना गुलाम म्हणून व्हर्जिनियात आणले आणि उरलेले आयुष्य अलेक्झांड्रियाजवळ एका मालकाच्या शेतावर गेले. दहापर्यंत, मग शंभरपर्यंत मोजायला ते शिकले. पुढे गायीच्या शेपटीचे केस मोजले, ते भरले २,८७२. मग धान्याचे दाणे, कुंपणाचे खांब. या हिशेबाचा फायदा अर्थात मालकाच्या घरात.

सत्तरी उलटल्यावर फिलाडेल्फियाच्या काही गृहस्थांनी त्यांची परीक्षा घेतली. दीड वर्षाचे सेकंद किती? ४,७३,०४,०००. सत्तर वर्षे, सतरा दिवस, बारा तास जगलेल्या माणसाचे सेकंद किती? दीड मिनिटात उत्तर आले: २,२१,०५,००,८००. कागदावर आकडेमोड करणाऱ्या गृहस्थाने ते चूक ठरवले. त्याचा आकडा लहान होता. तुम्ही लीप वर्षे विसरलात, असे फुलर यांनी त्याला सांगितले. सतरा जादा दिवस, म्हणजे १४,६८,८०० सेकंद. कागदवाल्याने ते धरले आणि उत्तर जुळले.

तिसरा प्रश्न डुकरिणींचा. सहा डुकरिणी, प्रत्येकीला वर्षाला सहा माद्या, पिल्लांचीही वाढ तशीच. आठ वर्षांनी किती? दरवर्षी एकीच्या सात होतात. म्हणजे सहाला सातने आठ वेळा गुणायचे. ३,४५,८८,८०६ ही संख्या फोडली तर २, ३ आणि आठ वेळा ७, एवढ्याच मूळ संख्या हाती लागतात. फुलर यांना दहा मिनिटे लागली. आम्ही कागदावर करून पाहिले, दोनदा चुकलो.

डॉ. बेंजामिन रश यांनी १७८८ मध्ये ही हकिकत गुलामगिरीविरोधी मंडळींसाठी लिहून काढली. तिचा उपयोग झाला, हे आम्ही मानतो. पण माणूस असल्याचे सिद्ध करायला एका म्हाताऱ्याला डुकरिणी मोजून दाखवाव्या लागल्या, हे आम्हाला आजही खुपते. ज्याला गुणाकार येत नव्हता, त्याच्या बेड्या काय योग्य होत्या?

तुम्हाला शिक्षण मिळाले नाही याचे वाईट वाटते, असे एकाने म्हटले. त्यावर, बरेच शिकलेले लोक मूर्ख असतात, असे फुलर यांनी सुनावले. कुणी हे शिक्षणाविरुद्ध वापरले तर फसू नका. समोर बसलेले सगळे शिकलेलेच होते आणि लीप वर्षे त्यांच्यातलाच एक विसरला होता.

१७९० मध्ये, ऐंशीच्या घरात, फुलर वारले. तेव्हाही ते गुलामच होते.