'मालगुडी डेज' बनवणाऱ्या माणसाचा फोटो बंगळूरच्या रिक्षांवर का असतो?

बंगळूरला गेलात आणि रिक्षात बसलात, तर एक गोष्ट नक्की बघा. कित्येक रिक्षांवर एका माणसाचा फोटो दिसेल. काही रिक्षा स्टॅंडलाही त्याचंच नाव आहे. तुम्ही ९० च्या आधी जन्मला असाल, तर त्या माणसाचं काम तुम्ही नक्की बघितलंय. दूरदर्शनवरच्या 'मालगुडी डेज'चा दिग्दर्शक तोच.

नाव, शंकर नाग.

आर. के. नारायण यांच्या साध्यासरळ गोष्टींची सिरीयल करणारा माणूस रिक्षावाल्यांचा हिरो कसा झाला? हे समजून घ्यायला सुरवातीपासून बघायला लागतंय.

शंकर नाग यांचा जन्म ९ नोव्हेंबर १९५४ चा, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या होन्नावर तालुक्यातला. घरची भाषा कोकणी, मूळ आडनाव नागरकट्टे. अभिनेते अनंत नाग हे त्यांचे थोरले भाऊ. शिक्षण झाल्यावर शंकर मुंबईत आले आणि इथल्या मराठी नाटकांच्या नादाला लागले. याच नाटकांच्या जगात त्यांची आणि अरुंधती राव यांची भेट झाली. पुढे दोघांनी लग्न केलं.

मराठीशी त्यांचं नातं एवढ्यावर थांबत नाही. पुण्यात चापेकर बंधूंनी रॅंडचा वध केला, त्यावर नचिकेत आणि जयू पटवर्धन यांनी '२२ जून १८९७' हा मराठी सिनेमा बनवला. त्याची पटकथा लिहिणाऱ्यांमध्ये शंकर नागही होते.

पण ते पडद्यावर आले ते कन्नडमधून. १९७८ साली गिरीश कर्नाडांच्या 'ओंदानोंदु कालदल्ली'मध्ये त्यांनी भाडोत्री योद्ध्याचा रोल केला. पहिलाच मोठा रोल आणि भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात थेट सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार.

आता असा पुरस्कार मिळाल्यावर माणूस शक्यतो समांतर सिनेमातच रमतो. शंकर नाग यांनी उलटं केलं. १९८० मध्ये 'ऑटो राजा' आला. हिरो रिक्षावाला. पिक्चर तुफान चालला आणि रिक्षावाल्यांना वाटलं, हा आपला माणूस. रिक्षावरच्या फोटोची गोष्ट इथून सुरू होते. नंतर मारधाडीचे पिक्चर आले आणि 'कराटे किंग' हे नावही चिकटलं.

त्याच वर्षी दिग्दर्शक म्हणून त्यांचा 'मिंचिना ओटा' आला. गाड्या चोरणाऱ्यांची आणि जेलमधून पळण्याची ही गोष्ट. यात दोघे भाऊ होतेच, शिवाय आपल्या प्रिया तेंडुलकरही होत्या. सिनेमाला कर्नाटक सरकारचे पुरस्कार मिळाले. १९८१ ला त्यांनी 'गीता' ही प्रेमकथा केली. इलयराजांची त्यातली गाणी कर्नाटकात आजही वाजतात. मग 'ॲक्सिडेंट' केला. फूटपाथवर झोपलेल्या लोकांना नशेतल्या श्रीमंत पोरांची गाडी चिरडते आणि राजकारणी बाप प्रकरण दाबायला बघतो, असा विषय. आजच्या बातम्या आठवतील असा. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

दुसऱ्या बाजूला नाटक सुरूच होतं. त्यांच्या 'संकेत' या ग्रुपने जयवंत दळवींची 'बॅरिस्टर' आणि 'संध्याछाया' ही नाटकं कन्नडमध्ये आणली. त्या काळी कन्नड सिनेमाच्या तांत्रिक कामासाठी मद्रासच्या वाऱ्या करायला लागायच्या. म्हणून दोघा भावांनी बंगळूरमध्ये 'संकेत' नावानेच रेकॉर्डिंग स्टुडिओ उभा केला.

आणि मग आलं 'मालगुडी डेज'.

आर. के. नारायण यांचा आधीचा अनुभव काही चांगला नव्हता. त्यांच्या कादंबरीवरचा 'गाईड' देशभर गाजला, पण गोष्ट बदलल्यामुळे ते नाराज होते. त्यामुळे मूळ गोष्टीला धक्का न लावणं ही मोठी जबाबदारी होती. शंकर नाग यांनी मालगुडी हे काल्पनिक गाव पश्चिम घाटातल्या आगुंबेमध्ये उभं केलं. रेल्वे स्टेशनसाठी अरसाळू निवडलं. मास्टर मंजुनाथ स्वामी झाला, गिरीश कर्नाड त्याचे वडील. चित्रं आर. के. लक्ष्मण यांची, संगीत एल. वैद्यनाथन यांचं. शंकर नाग यांनी ३९ भाग केले. यावेळी नारायणही खूश झाले. मारामारीच्या पिक्चरमधला हिरो परीक्षेला घाबरलेल्या पोरांची गोष्ट इतक्या हळुवारपणे सांगतोय, हे कुणाला पटलं नसतं.

पण ही गोष्ट अर्ध्यातच थांबली. ३० सप्टेंबर १९९० ला 'जोकुमारस्वामी'च्या शूटिंगसाठी जाताना दावणगेरेजवळ त्यांच्या गाडीला अपघात झाला. अरुंधती आणि लहान मुलगी वाचल्या. शंकर नाग गेले. वय होतं फक्त ३५. एवढं सगळं काम त्यांनी जेमतेम १२ वर्षांत केलं होतं.

गंभीर जखमी झालेल्या अरुंधती नाग त्यातून उठल्या. शंकर यांच्यासोबत नाटकासाठी हक्काची जागा बघितली होती, ती त्यांनी उभी केली. २००४ मध्ये बंगळूरमध्ये 'रंगशंकरा' हे थिएटर सुरू झालं. मराठी नाटकंही तिथं होतात.

आपल्याकडे शंकर नाग म्हणजे 'मालगुडी डेज', तिकडे रिक्षावाल्यांसाठी 'ऑटो राजा' आणि नाटकवाल्यांसाठी 'रंगशंकरा'. कलेचा सिनेमा वेगळा आणि पब्लिकचा वेगळा, असं आपण धरून चालतो. शंकर नाग यांनी ही भिंत कधी मानलीच नाही. म्हणूनच त्यांच्या जाण्याला तीन दशकं उलटली, तरी तो फोटो रिक्षावरून उतरलेला नाही.