जिन्याखाली ड्रम मांडले आणि रॉकचा आवाज बदलला: लेड झेपलिनच्या जॉन बॉनमची गोष्ट

जुन्या हार्ड रॉकच्या एलपी जमवणाऱ्या कुणाच्याही घरी जा, एक कव्हर हमखास सापडतं. पोपडे निघालेली भिंत आणि तिच्यावर टांगलेलं, पाठीवर काटक्यांची मोळी घेतलेल्या म्हाताऱ्याचं चित्र. कव्हरवर ना बँडचं नाव, ना अल्बमचं.

हा लेड झेपलिनचा चौथा अल्बम. ८ नोव्हेंबर १९७१ ला तो बाजारात आला आणि एकट्या अमेरिकेत त्याच्या २ कोटींहून जास्त प्रती गेल्या. नावच नसल्यामुळे लोक त्याला 'लेड झेपलिन फोर' म्हणतात.

ही एलपी काढली की बहुतेक लोक पहिली बाजू लावतात. साहजिक आहे, तिच्या शेवटी 'स्टेअरवे टू हेवन' आहे. पण रेकॉर्ड उलटायचा कंटाळा केला, तर या अल्बममधला सगळ्यात मोठा आवाज ऐकायचा राहून जातो. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'. सुरुवातीला गिटार नाही, गाणारा नाही, फक्त ड्रम. एखाद्या रिकाम्या चर्चमध्ये कुणीतरी दगड फोडत असावं, असा तो आवाज येतो.

वाजवणारा माणूस तेव्हा जेमतेम २२ वर्षांचा होता. जॉन बॉनम. दोस्तांसाठी बॉन्झो.

३१ मे १९४८ ला इंग्लंडच्या वुस्टरशर परगण्यातल्या रेडिच गावात त्याचा जन्म झाला. वडील बांधकाम आणि सुतारकामाच्या धंद्यात. पोरगं पाचव्या वर्षापासून कॉफीचे डबे आणि हाताला लागेल ते बडवत बसायचं. दहाव्या वर्षी आईने एक ड्रम घेऊन दिला आणि पंधराव्या वर्षी वडिलांनी अख्खा संच. शिकवणी मात्र त्याने कधीच लावली नाही. शाळा सुटल्यावर दिवसा वडिलांसोबत बांधकामावर काम आणि रात्री आसपासच्या बँडमध्ये वादन, असा त्याचा दिनक्रम होता.

लग्नही लवकरच झालं. पॅटशी लग्न करताना ड्रम सोडतो असं आपण कबूल केलं होतं, हे पुढे त्यानेच सांगितलं. ते काही जमलं नाही. अठराव्या वर्षी तो बाप झाला. मुलाचं नाव जेसन. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर १९६८ साली लंडनमध्ये जिमी पेज नावाचा गिटारवाला नवा बँड जमवत होता. गायक रॉबर्ट प्लांट मिळाला होता आणि प्लांट हा बॉनमचा जुना साथीदार. त्याने याचं नाव सुचवलं. पेज वाजवणं ऐकायला गेला आणि तिथेच ठरलं, हाच हवा.

पण बॉनम तयार होईना. टिम रोझ या गायकासोबत त्याला आठवड्याला ४० पौंड मिळत होते. जो कॉकरसारख्या नावाजलेल्या गायकाकडूनही विचारणा होती. घरात बायको, तान्हं मूल. अशा वेळी नाव नसलेल्या बँडसाठी पक्की कमाई कोण सोडेल? मग त्याच्या नेहमीच्या पबच्या पत्त्यावर तारा सुरू झाल्या. प्लांटच्या ८ आणि मॅनेजर पीटर ग्रँटच्या ४०, असं सांगतात. शेवटी तो आला. पैशांपेक्षा या लोकांचं संगीत आवडलं म्हणून आलो, हे त्याचं कारण.

पहिला अल्बम स्टुडिओच्या जेमतेम ३६ तासांत झाला, असं पेज सांगतो. त्यातलं पहिलंच गाणं 'गुड टाइम्स बॅड टाइम्स' ऐकून अनेक ड्रमवाल्यांना वाटलं, याने पायाशी दोन मोठे ड्रम ठेवलेत. प्रत्यक्षात एकच होता. एकच पाय, एकच पेडल.

लोक बॉनमला जोरात बडवणारा म्हणून ओळखतात. पण नुसता जोर असता, तर त्याच्यासारखे शंभर निघाले असते. त्याची खरी करामत वेळेत होती. ठोका तो किंचित रेलून, घाई न करता टाकायचा, त्यामुळे गाणं जड वाटतं आणि तरी डुलतं. 'मोबी डिक' या आपल्या एकट्याच्या तुकड्यात तर तो काठ्या बाजूला ठेवून नुसत्या हातांनी वाजवायचा. आपल्याकडे तबल्याची सवय असलेल्या कानाला ते पटकन कळेल.

आता त्या जिन्याकडे येऊ.

चौथ्या अल्बमसाठी बँडने स्टुडिओऐवजी हॅम्पशर परगण्यातलं हेडली ग्रेंज हे जुनं घर घेतलं. १७९५ साली गरिबांना ठेवण्यासाठी बांधलेली ही तीन मजली इमारत. दमट, थंड. बाहेर रोलिंग स्टोन्सची रेकॉर्डिंगची गाडी उभी केलेली, म्हणजे चाकांवरचा स्टुडिओच.

'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' हे मुळात १९२९ चं ब्लूज गाणं. मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांनी ते १९२७ च्या मिसिसिपी नदीच्या महापुरावर केलं होतं. लेड झेपलिनने आधी स्टुडिओत ते करून पाहिलं, तर आवाज सपाट आला. मग हेडली ग्रेंजच्या दारातल्या मोठ्या दालनात, जिन्याच्या पायथ्याशी ड्रम मांडले गेले. इंजिनिअर अँडी जॉन्सने ड्रमजवळ एकही मायक्रोफोन ठेवला नाही. त्याने फक्त दोन मायक्रोफोन वरच्या मजल्यावरून खाली सोडले.

त्या काळची पद्धत याच्या बरोबर उलट होती. ड्रमच्या तोंडाशी मायक्रोफोन, खोलीत जाड पडदे, घुमारा नको. इथे घुमाराच पकडला गेला. ड्रमचा आवाज भिंतींवर आपटून वर पोचायचा, त्यावर प्रतिध्वनीचं यंत्र लावलं आणि नंतर टेपचा वेग कमी केला. त्यामुळे आवाज आणखी खोल झाला.

यात एक गंमत आहे. एलपी सारख्याच वेगाने फिरते, मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेऱ्या. पण कडेची फेरी मोठी आणि मध्याजवळची लहान. म्हणजे शेवटच्या गाण्याला तेवढ्याच वेळात चराची कमी लांबी मिळते आणि बारीक, तीक्ष्ण आवाज तिथे नीट उमटत नाहीत. हे गाणं नेमकं त्याच जागी आहे. तरी काही बिघडत नाही, कारण त्याची ताकद खालच्या, भारदस्त आवाजात आहे.

याच बाजूवरचं दुसरं गाणं 'फोर स्टिक्स'. नाव का? तर बॉनमने ते दोन्ही हातांत दोन-दोन, अशा चार काठ्या घेऊन वाजवलं. १९७२ मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले, तेव्हा इथल्या वादकांना घेऊन त्यांनी हेच गाणं रेकॉर्ड केलं. बॉनमच्या जागी तबला. ही टेप २०१५ मध्ये 'कोडा' अल्बमच्या नव्या आवृत्तीत अधिकृतपणे बाहेर आली. जरूर ऐका, मग कळतं की त्या गाण्याचा ताल किती अवघड आहे.

पैसा आला तसं बॉनमने वुस्टरशरमध्येच शेत घेतलं, गुरं पाळली, गाड्यांचा ताफा जमवला. बँडच्या 'द साँग रिमेन्स द सेम' या १९७६ च्या सिनेमात त्याचं घर दिसतं आणि लहानग्या मापाच्या ड्रमवर वाजवणारा छोटा जेसनही.

घर सोडून महिनोन् महिने दौऱ्यावर राहणं त्याला सोसायचं नाही. विमानाची धास्ती होती. त्यावर त्याने शोधलेला उपाय म्हणजे दारू. प्यायला की हा प्रेमळ माणूस कुणाच्याही अंगावर धावून जायचा. बँडच्या भोवतालच्या लोकांनी त्याचे किस्से केले, हसले, पुढे गेले. त्याला थांबवायला हवं होतं, ते राहून गेलं.

जुलै १९७७ चा एकच आठवडा पाहा. अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये बँडच्या माणसांनी आयोजकांच्या कर्मचाऱ्यांना मारहाण केली, त्यात बॉनमवरही खटला झाला आणि स्थगित शिक्षा मिळाली. त्यानंतर काही दिवसांतच प्लांटचा लहान मुलगा आजारपणात गेल्याची बातमी आली. प्लांटसोबत इंग्लंडला परतणारा आणि अंत्यविधीला शेजारी उभा राहणारा बॉनमच होता. खचलेल्या प्लांटला पुन्हा गायला त्यानेच तयार केलं, हे प्लांट आजही सांगतो.

२७ जून १९८० ला न्युरेंबर्गमध्ये तिसऱ्याच गाण्याला बॉनम स्टेजवर कोसळला. कार्यक्रम बंद करावा लागला. ७ जुलैला बर्लिनमध्ये तो शेवटचा वाजवला.

पुढे अमेरिकेचा दौरा होता. २४ सप्टेंबरला सराव सुरू झाला आणि त्या दिवशी सकाळपासून तो व्होडका पीत होता. चौकशीत आकडा निघाला साधारण ४० पेगांचा. रात्री सगळे विंडसरजवळ पेजच्या घरी गेले. त्याला खोलीत नेऊन झोपवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बासवादक जॉन पॉल जोन्स आणि एक सहकारी उठवायला गेले, तेव्हा तो गेलेला होता. झोपेत उलटी होऊन श्वास कोंडला होता. मृत्यू अपघाती ठरला. वय ३२.

दुसरे ड्रमवाले रांगेत उभे होते. नवा माणूस घेऊन बँड चालवणं धंद्याच्या दृष्टीने सोपं होतं, अनेकांनी तसं केलंही. या तिघांनी ४ डिसेंबर १९८० ला निवेदन काढून आता पूर्वीसारखं पुढे जाणं शक्य नाही असं कळवलं आणि जगातला सगळ्यात मोठा रॉक बँड बंद झाला.

'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'चे ते ठोके मात्र थांबले नाहीत. १९८६ मध्ये बीस्टी बॉइजने ते आपल्या गाण्यात उचलून घेतले, २०१६ मध्ये बियॉन्सेने. रॉक कधीच न ऐकलेल्या लाखो पोरांनी बॉनमला असं ऐकलंय.

आणि १० डिसेंबर २००७. लंडनच्या ओटू अरीनामध्ये लेड झेपलिन एका रात्रीसाठी पुन्हा उभा राहिला. जागा २० हजारांच्या आसपास आणि तिकिटांसाठी अर्ज कोट्यवधी. पहिलं गाणं होतं 'गुड टाइम्स बॅड टाइम्स'. तेच, एका पेडलचं. ड्रमवर होता जेसन बॉनम.