हुदा शारावी : बुरख्यापलीकडचा लढा

नोकरीधंद्याच्या निमित्ताने आम्ही अरब देशांत येऊन राहिलो, पण येथील स्त्रियांच्या इतिहासाची आम्हांला कितीशी माहिती असते? हुदा शारावी हे नाव कानांवर आले, तरी रेल्वे स्टेशनावर बुरखा काढणारी बाई एवढीच ओळख आमच्या लक्षात राहते. तिचे खरे आयुष्य त्याहून पुष्कळ मोठे आहे.

हुदाचा जन्म २३ जून १८७९ रोजी इजिप्तमधील मिन्या येथे झाला. वडील सुलतान पाशा मोठे जमीनदार व वजनदार राजकारणी होते. हुदा पाच वर्षांची असतानाच ते वारले. कैरोतील वाड्याच्या जनानखान्यात ती वाढली. नवव्या वर्षी तिला कुराण मुखोद्गत होते. तुर्की आणि फ्रेंच शिकवायला माणसे येत. पण जी मातृभाषा, त्या अरबीचे व्याकरण शिकण्याची इच्छा तिने दाखविली, तेव्हा घरच्या कारभाऱ्याने शिक्षकाला पुस्तक परत न्यायला लावले. मुलीला थोडीच वकिली करायची आहे, असा त्याचा सवाल होता!

तेराव्या वर्षी तिचा विवाह झाला. नवरा अली शारावी म्हणजे तिचा चुलत भाऊ आणि पालकही. वयाने कितीतरी मोठा, पदरी रखेल व मुले असलेला. त्याने रखेलीला सोडावे, अशी अट हुदाच्या आईने करारात घातली होती. ती त्याने मोडली आणि हुदा माहेरी परतली. सात वर्षे ती वेगळी राहिली. ही वर्षे तिने अभ्यासात घालविली. १९०० मध्ये ती पुन्हा नांदायला गेली, तेव्हा ती पहिली अजाण मुलगी राहिली नव्हती.

१९१९ साली इंग्रजांविरुद्ध देश पेटला. अली शारावी वफ्द पक्षाच्या पुढाऱ्यांपैकी एक होते. १६ मार्च रोजी पडदानशीन स्त्रियांचा मोर्चा कैरोच्या रस्त्यावर उतरला, त्यात हुदा आघाडीवर होती. पुढे वफ्दच्या महिला समितीची ती अध्यक्षा झाली.

१९२२ मध्ये अली वारले. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये हुदाने इजिप्शियन स्त्री-संघ स्थापन केला. मे महिन्यात रोमची आंतरराष्ट्रीय महिला परिषद आटोपून परतताना कैरो स्टेशनवर तिने व तिची सहकारी सैझा नबरावी हिने तोंडावरचा पडदा दूर केला. डोक्यावरचे वस्त्र मात्र तसेच राहिले, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

त्याच १९२३ साली विवाहाचे किमान वय मुलींसाठी १६ व मुलांसाठी १८ ठरले. स्वतः तेराव्या वर्षी बोहल्यावर चढलेल्या हुदाला या कायद्याचे मोल काय वाटले असेल, ते वाचकांनीच ताडावे. पण खांद्याला खांदा लावून लढलेल्या पुरुषांनी मतदानाचा हक्क मात्र आपल्यापुरताच ठेवला. म्हणून १९२४ मध्ये संसदेच्या उद्घाटनालाच स्त्रियांनी दाराशी निदर्शने केली. मुलींना माध्यमिक शाळा मिळाली, विद्यापीठाची दारे उघडली. परंतु बहुपत्नीकत्व आणि पुरुषाचा एकतर्फी तलाक यांना आळा घालण्याची मागणी अपुरीच राहिली. घराबाहेरचे दार उघडणे एक वेळ सोपे, घरातली सत्ता हलविणे कठीण, हाच याचा अर्थ.

संघाचे १९२५ मधले पहिले मासिक फ्रेंच भाषेत होते. सामान्य इजिप्शियन बाईला ते कोठून वाचता येणार? अरबी नियतकालिक निघायला १९३७ साल उजाडले. १९४४ मध्ये हुदाने कैरोत अरब स्त्रियांची परिषद भरविली. १२ डिसेंबर १९४७ रोजी तिचे निधन झाले. इजिप्तच्या स्त्रियांना मताधिकार मिळाला तो त्यानंतर नऊ वर्षांनी, १९५६ साली.

हुदाने आपल्या आठवणी अरबीत ठेवल्या. पण त्या स्वतःच्या हाताने लिहिलेल्या नाहीत, चिटणिसाला सांगून लिहवून घेतलेल्या आहेत. लहानपणी परत गेलेले व्याकरणाचे ते पुस्तक जन्मभर तिच्या आड आले. आमच्या मते, तोंडावरच्या पडद्यापेक्षा हा पडदा अधिक जाड होता. मुलीच्या हातचे पुस्तक काढून घेणारे घर कोणत्याही देशातले असो, त्याने ही हकिकत ध्यानात ठेवावी.