लेकुरवाळी जनाबाई

पंढरीच्या महाद्वारात नामदेव पायरीला हात लावून आपण आत जातो. त्या वेळी मनात नामदेवराय असतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या पायरीपाशी एकटे नामदेवराय विसावले नाहीत, त्यांच्यासंगे घरची मंडळीही आहेत, असे आपली परंपरा सांगते. हे घर केवढे होते? गाथेत एके ठिकाणी त्याची मोजदादच आहे. दामाशेटी आणि गोणाई हे आईबाप. नामदेव आणि राजाई. नारा, विठा, गोंदा, महादा हे चार मुलगे. लाडाई, गोडाई, येसाई, साखराई या चौघी सुना. लिंबाई लेक, आऊबाई बहीण. नात्यानात्याने सारी चौदा माणसे सांगून झाली, की अगदी शेवटी घरची वेडीबागडी दासी म्हणून जनी येते. पंधरावी.

या पंधराव्या माणसाचे चरित्र आज सांगावयाचे आहे. जनाबाईंचे चरित्र म्हटले की आपले कीर्तनकार देव दळायला आला तेथून सुरुवात करतात. पण देव यायच्या आधी जात्याशी कोण बसले होते, आणि तिच्या मांडीवर कोणाचे पोर निजले होते, हेही पाहावे की नाही?

केदारखेड्यावरून वाहणारी पूर्णा नदी पुढे परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते. त्याच गोदावरीच्या काठी गंगाखेड आहे. जनाबाई तिथल्या. बापाचे नाव दमा, आईचे करुंड. घराणे शूद्राचे, घरात पंढरीची वारी. आई लवकर वारली आणि बापाने लहानग्या मुलीला पंढरपुरास आणून दामाशेटींच्या पदरी घातले. आईच्या मागे लागावयाच्या वयात पोर परक्या घरी राहिले. दामाशेटी शिंप्याचा धंदा करीत, घर खाऊनपिऊन बरे, आणि विठ्ठलाची सेवा पिढीजात. तेथे जनी मोठी झाली. नामदेवरायांचा जन्म शके ११९२ चा, म्हणजे इ. स. १२७० चा. जनी त्या घरी आली तेव्हा नामदेव जन्माला यावयाचे होते, आणि पुढे तिनेच त्यांना अंगाखांद्यावर खेळवले, असे परंपरा मानते. म्हणजे ज्यांना ती जन्मभर स्वामी म्हणत राहिली, त्यांचे बोबडे बोल तिनेच आधी ऐकले होते.

नामदेवांचे लग्न झाले, राजाई घरात आली, आणि एकामागून एक पाच लेकरे झाली. आता घर कसे चालावे? नामदेवरायांचे चित्त राउळात. शिवणटिपणात लक्ष नाही, बाजारात पाठवले तर धोंड्याला कापड विकून आले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. पुढे ज्ञानोबांबरोबर तीर्थयात्रेला गेले, आणि नंतर उत्तरेत फिरत पार पंजाबापर्यंत पोचले. घुमानला त्यांचे स्थान आहे आणि त्यांची ६१ पदे शीखांच्या ग्रंथसाहेबात आहेत. जगावर हे मोठेच उपकार झाले. पण घरी मागे काय राहिले, ते गोणाई आणि राजाई यांच्या अभंगांत वाचावे. राजाई थेट रुक्मिणीपाशी गाऱ्हाणे नेते, की तुझ्या नवऱ्याने माझ्या नवऱ्याला वेड लावले, आता माझ्या लेकरांनी खावे काय? परीसा भागवताच्या घरचा परीस तिने आणला तो याच काळजीपायी. नामदेवरायांनी तो चंद्रभागेत टाकला. वैराग्याची ती परमावधी खरीच. तरी आम्हांला वाटते, की कीर्तनात ही कथा सांगताना राजाईला हसू नये. पाच लेकरांच्या आईने चुलीकडे पाहून केलेली गोष्ट आहे ती.

अशा घरात सकाळपासून रात्रीपर्यंत सगळ्यांत जास्त हात चालत ते जनीचे. तिच्याच अभंगांतून तिचा दिवस जुळवता येतो. पहाटे जाते, मग कांडण. सडासारवण आणि केर. पाणी भरणे, चंद्रभागेवर धुणे नेणे, रानात जाऊन शेण गोळा करणे, गोवऱ्या थापणे. काम असे एकही नाही की ज्यात तिने विठ्ठलाला ओढले नाही. आणि ज्या घरात पाच लेकरे आहेत, त्या घरात ही कामे कधी एकट्याने होतात का? जात्याशी बसले की एक पोर मांडीवर येते, दुसरे घास घालावयाला हात पुढे करते. धुण्याला निघाले की पदर धरून दोघे मागे. ज्या माउलीने चार पोरे वाढवली तिला हे सांगावयास नको.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. त्या काळी शिंप्याच्या पोराला वेदाची पाठशाळा बंद होती. मुलींचा तर प्रश्नच नाही. असे असता गाथा उघडून पाहा: नारा, विठा, गोंदा, महादा यांचे अभंग आहेत. गोणाईचे, राजाईचे आहेत. आऊबाई, लिंबाई, लाडाई यांचेही आहेत. शतकोटी अभंगांचा संकल्प नामदेवरायांनी केला तेव्हा तो सगळ्या घराने वाटून घेतला, म्हातारी आणि सुनाही त्यातून सुटल्या नाहीत, असे सांगतात. महाराष्ट्रात असे दुसरे घर दाखवा, जेथे बाहेर एक दिवस शिकावयास न जाता सासू, सून, लेक आणि दासी सगळ्या कवयित्री झाल्या! हे शिक्षण झाले कधी आणि दिले कोणी? कोणी म्हणतील, नामदेवरायांच्या कीर्तनाने. होय, बीज त्यांचेच. परंतु कीर्तन रात्री दोन प्रहर आणि घरकाम दिवसभर. लेकरू शिकते ते ज्याच्याजवळ दिवसभर असते त्याच्याजवळ. आमच्या मते नामदेवरायांच्या घरची शाळा जात्यापाशी भरत होती.

जात्याची ओवी ही काय साधी गोष्ट आहे? खुंटा एक फेरा फिरतो तेवढ्यात चरण बसला पाहिजे. नाही बसला तर हात अडखळतो आणि पीठ जाडेभरडे पडते. मात्रा मोजावयास दुसरा पंतोजी नको. मांडीवरच्या पोराला शब्द कळण्याच्या आधी लय कळते. मग थोडे मोठे झाले की गोष्ट मागते. जनाबाईंच्या नावावर हरिश्चंद्राचे आख्यान आहे, द्रौपदीच्या स्वयंवराचे आहे आणि थालीपाकाचे आहे. थालीपाक म्हणजे वनवासात जेवणे आटोपून थाळी पालथी पडलेली, आणि दुर्वास ऋषी शिष्यांचा मेळा घेऊन दारात उभे. भगवंताने येऊन थाळीला चिकटलेले भाजीचे एक पान खाल्ले आणि सारे तृप्त झाले. ज्या घरातले मडके पुष्कळ वेळा रिकामे, त्या घरातल्या पोरांनी ही गोष्ट कशी ऐकली असेल! भूक लागली असताना गोष्ट सांगणे म्हणजे फसवणे, असे कोणी म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही. जिला द्यावयाला भाकरी नाही ती जे देता येते ते देते. आणि ती पोरे त्यावर जगली, वाढली.

आणखी एक खूण पाहा. जनाबाईंचा एक अभंग लहान मुलेसुद्धा म्हणतात, ज्यात विठोबा पुष्कळ लेकरांचा बाप झाला आहे. निवृत्तिनाथ खांद्यावर बसले आहेत. सोपानदेवांचा हात धरला आहे. ज्ञानदेव पुढे चालताहेत आणि मुक्ताई मागून येते आहे. गोरोबा मांडीवर, बंका कडेवर, चोखोबा जिवाशी लावलेले, आणि नामदेवाने करंगळी धरली आहे. भक्तीचे चित्र म्हणून आपण ते गातो. पण नीट पाहिले तर हे सात-आठ पोरांना घेऊन चंद्रभागेच्या वाळवंटात गेलेल्या बाईचे चित्र आहे. कोणते पोर पुढे धावते, कोणते रेंगाळते, कोणाला उचलल्यावाचून चालत नाही आणि कोणाला एक करंगळी पुरते, हे बसून कल्पनेने सुचत नाही. विठोबाला लेकुरवाळा करणारी ही दासी स्वतः लग्नावाचून, लेकरावाचून राहिलेली होती. आणि करंगळी तिने नेमकी कोणाला दिली? ज्याला तिने लहानपणी चालावयास शिकवले, त्यालाच.

तिची पोरे काय शिकली याचा एक दाखला समाधीच्या अभंगांत सापडतो. शके १२१८, कार्तिक वद्य त्रयोदशी, इ. स. १२९६. आळंदीस ज्ञानोबाराय समाधीस बसावयाचे. थोर थोर संत जमलेले, सर्वांचे कंठ दाटलेले. त्या वेळी समाधीची जागा झाडून स्वच्छ केली ती नारा, विठा, गोंदा, महादा यांनी. नामदेवरायांचे वय तेव्हा सव्वीस, म्हणजे ही पोरे केवढी असणार! आजवर या ओळीवरून आपण भराभर पुढे गेलो असू. थोडे थांबावे. एवढ्या मोठ्या प्रसंगी लहान पोरे रडत बसली नाहीत, की कोणाच्या पायांत आली नाहीत. केर काढणे हे देवाचे काम आहे हे त्यांनी कोठे पाहिले होते, ते आम्ही सांगावयास नको.

असे असूनही जनीचा मान घरात दासीचाच. देवाच्या गळ्यातले पदक नाहीसे झाले तेव्हा आळ आला तो तिच्यावर. तिला सुळावर द्यावयास नेले आणि सुळाचे पाणी झाले, ती कथा मोठी आहे, येथे विस्तार करीत नाही. चोरी झाली की पहिली नजर मोलकरणीकडे जाते, एवढे मात्र त्यात खरोखर दिसते. गोवऱ्यांच्या भांडणाचीही एक कथा आहे: ज्या गोवरीतून विठ्ठलनाम ऐकू येईल ती जनीची. या कथेत काही जण कबीरांना आणून बसवतात. कबीर शंभरावर वर्षांनी झाले, तेव्हा ते तिथे असणे शक्य नाही. पण गोवऱ्यांवरून बायकांची भांडणे होणे अगदी शक्य आहे.

तिला कशाची उणीव भासली ते तिने लपवले नाही. न्हाणे, डोके विंचरणे हा तिच्या अभंगांतला विषय आहे. देव येतो, पाणी तापवतो, तिच्या केसांतला गुंता सोडवतो, उवा काढतो. ऐकणाऱ्याला गंमत वाटते. पण घरातल्या सगळ्या लेकरांची डोकी जिने विंचरली, तिचे डोके विंचरावयाला कोणी नव्हते, म्हणून देवाला यावे लागले. आई नाही, बाप नाही, तूच माझी आई, हे ती परोपरीने सांगते. कधी भांडते, विठोबाला वाटेल तसे बोलते, त्याचे मढे निघो इथवर मजल जाते. अशी रागावलेली लेक आईशीच बोलते.

तिचे अभंग कोणी लिहून घेतले? गाथेत संतांच्या लेखकांची एक यादी आहे. सावता माळ्यांचे काशीबा गुरवाने लिहिले, चोखोबांचे अनंतभट्टाने. नामयाच्या जनीचे मात्र प्रत्यक्ष पांडुरंगाने. पोथी-लेखणीशी संबंध नसलेल्या या बाईच्या नावावर आज साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. मराठवाड्यात जात्यावर बसलेल्या बायांनी त्यांत आपल्या ओव्यांची भर घातली. देव जनीला दळू लागतो, जनी शेणाला जाते, या ओव्या गावोगाव होत्या. विजेची गिरणी आली तेव्हा जाती कोपऱ्यात गेली आणि ओव्या म्हाताऱ्यांच्या तोंडी उरल्या. केदारखेडा, राजूर, भोकरदन या बाजूच्या ज्यांच्या घरात अशी आजी अजून असेल त्यांनी तिच्याजवळ नातवंडांना बसवावे आणि दोन ओव्या म्हणवून घ्याव्यात. कापूस वेचणीच्या दिवसांत आई रानात असते, तेव्हा पोर आजीपाशीच असते. तेवढा वेळ पुरे आहे.

नामदेवरायांनी शके १२७२ मध्ये, आषाढ वद्य त्रयोदशीस, इ. स. १३५० साली देह ठेवला. जनाबाईही त्याच दिवशी महाद्वारी समाधिस्थ झाल्या असे मानतात. लाडाई तेवढी बाळंतपणासाठी माहेरी गेली होती, म्हणून वंश राहिला. पंढरपूरचे नामदास घराणे आपले मूळ तिच्यापाशी सांगते.

आषाढी करून पौर्णिमेला काल्यासाठी गोपाळपुरास जाणाऱ्यांनी तेथली जनाबाईंची खोली पाहिलीच असेल. जागा अंधारी आणि अरुंद आहे. आत जाते ठेवलेले आहे. काला घेऊन आलेल्या बाया तेथे वाकतात, आणि कडेवरचे पोर खाली उतरवून त्याचा हात खुंट्याला लावतात.