जुळलेला ताळेबंद

लोणारच्या काठावर उभे राहिले की लवणासुराची कथा आठवतेच. पण या विवराशी सातासमुद्रापलीकडच्या एका माणसाचेही नाव जोडलेले आहे. ते म्हणजे ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट.

न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला १८४३ साली जन्मलेला हा भूवैज्ञानिक. १८९१ मध्ये तो ॲरिझोनातल्या एका विवरापाशी गेला. भोवती लोखंडी उल्कांचे तुकडे विखुरलेले. त्याने हिशेब मांडला. उल्का आत गाडलेली असेल तर काठावरची माती खड्ड्यात परत भरल्यावर उरायला हवी आणि होकायंत्राची सुई ढळायला हवी. माती नेमकी खड्ड्याइतकीच भरली, सुईही ढळली नाही. १८९६ मध्ये त्याने निकाल दिला, हा वाफेचा स्फोट! दाखला दिला आपल्या लोणारचा.

माझी उमर बँकेत गेली. तेरीज जुळली म्हणजे व्यवहार खरा असे नसते, हे तिथे शिकलो. प्रचंड वेगाने आदळणारी एवढी उल्का शाबूत उरतच नाही, बरीचशी वितळते, वाफ होऊन जाते. १९६० मध्ये ॲरिझोनाच्या आणि १९७३ मध्ये लोणारच्या खडकांनीच आघाताची साक्ष दिली.

गंमत अशी, की १८९२ मध्ये वॉशिंग्टनच्या दुर्बिणीतून रात्रीमागून रात्री चंद्र न्याहाळून याच गिल्बर्टने तिथली विवरे आघाताची ठरवली होती. बहुतेक जाणकार तेव्हा ती ज्वालामुखींची मानत. पुढे अपोलोच्या अंतराळवीरांनी आणलेल्या खडकांची वये आणि विवरांची मोजदाद शेजारी मांडली गेली. सुमारे ३८० कोटी वर्षांपूर्वीपर्यंत हा मारा मुसळधार होता, मग झपाट्याने ओसरला. गेली ३०० कोटी वर्षे तुरळक सरी. त्यातही गेल्या २९ कोटी वर्षांत जोर पुन्हा वाढला, असे २०१९ च्या एका अभ्यासाने मांडले, पण ते सर्वांना मान्य नाही.

पृथ्वीनेही तो मारा सोसला. पण आपली वही पाऊस, वारा, नद्या धुऊन काढतात. लोणार वाचले, कारण ते कोवळे आहे. वय कुणी ५० हजार वर्षे म्हणतो, कुणी साडेपाच लाखांच्या पुढे. ज्या काळ्या पाषाणात ते कोरले गेले, तो मात्र साडेसहा कोटी वर्षांचा.

पंचाहत्तरीला पाच दिवस उरले असताना, १९१८ मध्ये गिल्बर्ट गेला. निकाल चुकला, तरी आपल्या कसोट्या त्याने उघड मांडून ठेवल्या होत्या. म्हणून पुढच्यांना चूक नेमकी कुठे झाली ते सापडले. खोडाखोड न करता ठेवलेली वही अशीच उपयोगी पडते.